‘आणणे’ म्हणजे नक्की काय? जपान, अमेरिका आणि एका शब्दाचा पन्नास वर्षांचा घोळ

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये जपानच्या पंतप्रधान साने ताकाइची यांना संसदेत विचारलं गेलं की अण्वस्त्रांबाबतची आपली तीन तत्त्वं तुम्ही पुढेही तशीच ठेवणार का, आणि त्यांनी सरळ हो म्हणायचं टाळलं. तिकडे त्यावरून गदारोळ झाला, आपल्याकडे बातमी दोन ओळीत आली आणि गेली. बहुतेकांना वाटलं जपान आता अणुबॉम्ब बनवणार की काय. पण मुद्दा तो नव्हताच.

तीन तत्त्वं अशी आहेत: अण्वस्त्रं बाळगणार नाही, बनवणार नाही, आणि देशात आणू देणार नाही. पहिल्या दोनबद्दल फारसं भांडण नाही. सगळी मारामारी तिसऱ्यातल्या ‘आणू’ या क्रियापदावर आहे, आणि ती आजची नाही, १९६० पासूनची आहे. दोन मित्रदेशांनी एकाच करारात एकच शब्द वापरला, दोघांनी त्याचा अर्थ वेगळा घेतला, ते लक्षात आल्यावर एका सकाळी ब्रेकफास्टला बसून गुपचूप खुलासा झाला, आणि त्या खुलाशाचं पुढे जे झालं ते मला या सगळ्यातलं सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं.

आधी काकू आणि भाडेकरूची गोष्ट

समजा एका शाकाहारी काकूंनी वरचा मजला भाड्याने दिलाय. अट एकच, घरात मटण-मच्छी आणायची नाही, आणि कधी आणायचीच झाली तर आधी मला विचारायचं. भाडेकरू म्हणाला चालेल काकू. आता या भाडेकरूची एक सवय आहे, तो स्वतःच्या किंवा मित्रांच्या पिशवीत काय आहे ते कुणालाच सांगत नाही, हो पण नाही आणि नाही पण नाही. त्याचे मित्र ऑफिसमधून घरी जाताना दहा मिनिटं टेकतात, हातात पार्सलची पिशवी असते, बसतात, पाणी पितात, पिशवी उचलून जातात.

मटण घरात ‘आणलं’ का?

भाडेकरूच्या डोक्यात आणणं म्हणजे आणून फ्रिजमध्ये ठेवणं, शिजवणं. काकूंच्या डोक्यात उंबरा ओलांडला की आणलं. पण काकू पिशवीबद्दल कधी विचारत नाहीत, हा कधी सांगत नाही, आणि सगळं छान चाललेलं असतं. मग एक दिवस सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी काकूंना टोकतं आणि काकू ठणकावून सांगतात, “आमच्याकडे पिशवीतूनसुद्धा येत नाही हो, आलं असतं तर त्याने मला विचारलं नसतं का?”

आता भाडेकरूची पंचाईत. गप्प बसला तर काकूंचा अर्थ हाच नियम होऊन बसणार आणि उद्या मित्रांचं येणं बंद. मीटिंगमध्ये उठून बोलला तर काकूंची चारचौघांत शोभा, कदाचित घरही सोडावं लागेल. मग तो काय करतो, काकूंना एकटीला चहाला बोलावतो.

काकू म्हणजे जपान सरकार, भाडेकरू म्हणजे अमेरिका, पिशवी म्हणजे अमेरिकन नौदलाची जहाजं. सोसायटीची मीटिंग म्हणजे जपानची संसद आणि जनता.

१९६० मध्ये काय लिहिलं होतं

हिरोशिमा-नागासाकी तर आहेच, पण १९५४ मध्ये अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली तेव्हा एका जपानी मच्छीमार बोटीवर किरणोत्सारी राख पडली आणि बोटीवरचा रेडिओ ऑपरेटर काही महिन्यांत गेला. त्यानंतर जपानमध्ये अण्वस्त्रविरोध घराघरात पोचला. आणि त्याच जपानमध्ये अमेरिकेचे मोठमोठे लष्करी तळ होते, कारण १९५१ च्या सुरक्षा कराराने अमेरिकेला आपलं सैन्य तिथे ठेवता येत होतं.

तो सुरक्षा करार १९ जानेवारी १९६० ला नव्याने झाला. त्याला जोडलेल्या जाहीर पत्रांमध्ये एक शब्द आला, ‘प्रायर कन्सल्टेशन’, म्हणजे आधी विचारविनिमय, साध्या मराठीत आधी विचारायचं. अमेरिकेला जपानमधल्या आपल्या सैन्याच्या साधनसामग्रीत मोठा बदल करायचा असेल तर आधी जपानशी बोलायचं, असं ते कलम. इथपर्यंत जाहीर.

पण त्याच्या तेरा दिवस आधी, ६ जानेवारीला, जपानचे परराष्ट्रमंत्री फुजियामा आणि अमेरिकेचे राजदूत डग्लस मॅकआर्थर दुसरे (ते प्रसिद्ध जनरल मॅकआर्थर नाहीत, त्यांचे पुतणे) यांनी एक गुप्त कागद केला. नाव अगदी निरुपद्रवी, ‘चर्चेची नोंद’. त्यात ‘मोठा बदल’ म्हणजे अण्वस्त्रं जपानमध्ये इंट्रोड्यूस करणं असं सांगितलं, आणि पुढे अजून एक कलम टाकलं की अमेरिकन जहाजांच्या बंदरात येण्याच्या आणि विमानांच्या उतरण्याच्या सध्याच्या पद्धतींवर या विचारविनिमयाचा परिणाम होणार नाही.

मेख इथे आहे. सध्याची पद्धत म्हणजे काय? अमेरिकन जहाजं योकोसुका, सासेबो या बंदरांत येत होती आणि पोटात काय आहे ते सांगत नव्हती. जगात कुठेही, कुठल्याही जहाजावर अण्वस्त्रं आहेत की नाहीत हे कन्फर्मही करायचं नाही आणि नाकारायचंही नाही असं अमेरिकेचं धोरणच होतं. म्हणजे अमेरिकन वाचकाला त्या कलमात स्वच्छ दिसलं की जहाजं पूर्वीसारखीच येणार, त्यावर काहीही असो. आणि जपानी वाचकाला तिथे जहाजांच्या येण्याजाण्याचं एक कंटाळवाणं रूटीन कलम दिसलं. अण्वस्त्र हा शब्द त्या वाक्यात नाहीच!

इंट्रोड्यूस आणि मोचिकोमी

इंट्रोड्यूसला जपानीत शब्द वापरला गेला ‘मोचिकोमी’. म्हणजे घेऊन आत येणं. आपल्याकडे थेटरवर बोर्ड असतो ना, ‘बाहेरील खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई आहे’, तसा बोर्ड जपानी हॉटेलात असतो आणि त्यावर हाच शब्द असतो. तुम्ही समोसा खाल्ला की नुसता बॅगेत ठेवलात याच्याशी त्या बोर्डाला देणंघेणं नाही, आत घेऊन आलात की संपलं. अमेरिकन लष्करी इंग्रजीत मात्र इंट्रोड्यूस म्हणजे जमिनीवर उतरवून बसवणं, साठवणं, तैनात करणं. बंदरात दोन दिवस थांबून गेलेलं जहाज त्यात बसत नाही.

आपल्या मराठीत तरी काय वेगळं आहे, “त्याने गाडी आणली” म्हणजे विकत घेतली की चालवत आला हे समोरचा कोण आहे त्यावर ठरतं.

१९६० मध्येच जपानी संसदेत हा प्रश्न आला, आणि सरकारने उत्तर दिलं की जहाजावरची अण्वस्त्रंसुद्धा आधी विचारण्याच्या अटीत येतात. अमेरिकनांनी ते ऐकलं नसेल असं होणं शक्य नाही. पण तेव्हा कोणी तोंड उघडलं नाही, आणि ते का हे कळायला त्या वर्षीचं टोकियो डोळ्यासमोर आणायला हवं. कराराविरुद्ध लाखो लोक रस्त्यावर, १५ जूनला संसदेच्या आवारात घुसलेल्या मोर्चात टोकियो विद्यापीठाची एक विद्यार्थिनी मरण पावली, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांची भेट रद्द करावी लागली, आणि करार लागू झाल्यावर पंतप्रधान किशी पायउतार झाले. अशा वेळी ‘जहाजावरचं चालेल’ असं कागदावर लिहा म्हणणं म्हणजे करारच बुडवणं.

चार एप्रिलचा ब्रेकफास्ट

१९६३ मध्ये अमेरिकेला आपल्या अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्या जपानी बंदरांत आणायच्या होत्या. त्यावर संसदेत प्रश्नांचा भडिमार झाला आणि पंतप्रधान इकेदा यांनी सांगून टाकलं की अण्वस्त्रं असलेल्या जहाजांना आम्ही येऊ देणार नाही. काकूंनी मीटिंगमध्ये सांगितलं तेच. वॉशिंग्टनमध्ये धाबं दणाणलं, प्रकरण थेट केनेडींपर्यंत गेलं, कारण आता गप्प बसणं म्हणजे जपानचा अर्थ मान्य करणं झालं असतं.

तेव्हा टोकियोत अमेरिकेचे राजदूत होते एडविन राइशाउअर. हा माणूस टोकियोतच जन्मलेला, मिशनरी आईवडलांचा मुलगा, हार्वर्डमध्ये जपानचा इतिहास शिकवणारा प्रोफेसर, बायको जपानी, मात्सुकाता नावाच्या एका माजी पंतप्रधानांची नात. इंट्रोड्यूस आणि मोचिकोमी यातली फट नेमकी कुठे आहे हे दोन्ही बाजूंनी जाणवणारा असा दुसरा राजदूत अमेरिकेकडे क्वचितच असेल. त्याने परराष्ट्रमंत्री मासायोशी ओहिरा यांना ४ एप्रिलला आपल्या घरी ब्रेकफास्टला बोलावलं. परराष्ट्र खात्यात गेला असता तर पत्रकारांनी विचारलं असतं कशाला आलात.

तिथे त्याने ती १९६० ची नोंद समोर ठेवून समजावलं की आमच्या मते इंट्रोड्यूस म्हणजे जपानी भूमीवर ठेवणं किंवा बसवणं, बंदरात आलेल्या जहाजावर असलेलं त्यात येत नाही. त्याने वॉशिंग्टनला पाठवलेली तार पुढे अमेरिकेच्या अर्काइव्हमधून बाहेर आली, त्यावरून दिसतं की ओहिरांनी फार न डगमगता हे ऐकून घेतलं. आम्ही तो शब्द आजवर या अर्थाने वापरत नव्हतो, यापुढे लक्षात ठेवू, अशा धर्तीचं बोलणं झालं. नवा कागद नाही, सही नाही.

आता इथे जरा थांबू. ओहिरांनी ‘मान्य केलं’ की ‘समजून घेतलं’? अमेरिकेच्या दृष्टीने प्रश्न मिटला, आम्ही सांगितलं, त्यांनी आक्षेप घेतला नाही, झालं. जपानच्या दृष्टीने एका मंत्र्याने एका सकाळी एका राजदूताचं म्हणणं ऐकलं. म्हणजे एका शब्दाची संदिग्धता काढायला बसले आणि ती शब्दातून उठून ‘ऐकलं’ या क्रियेत जाऊन बसली.

मग जपानला खरंच माहीत नव्हतं का?

हा सगळ्यात पहिला आक्षेप. वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळं माहीत होतं. जपान सरकारने पुढे नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीचं मत असं पडलं की १९६० मध्ये वाटाघाटी करणाऱ्या जपानी बाजूला अमेरिकन अर्थ पुरेसा समजला होता असं म्हणता येत नाही, पण दोन्ही बाजूंनी तो विषय खोदून काढायचं टाळलं हे मात्र खरं. १९६३ नंतर ‘आम्हाला ठाऊकच नव्हतं’ म्हणायला जागा राहत नाही.

तरी दुसरं एक टोक सुटलंच होतं. जानेवारी १९६८ मध्ये अमेरिकेची एंटरप्राइज ही विमानवाहू नौका सासेबोला आली (तीच एंटरप्राइज, जी १९७१ च्या युद्धात आपल्याला धमकवायला बंगालच्या उपसागरात पाठवली होती) तेव्हा जपानी परराष्ट्र खात्याचे वरिष्ठ अधिकारी फुमिहिको तोगो यांनी एक टिपण लिहिलं. सार असं, की दोन बाजूंचे अर्थ जुळत नाहीत, जुळवायला गेलं तर दोघांचीही अडचण, तेव्हा आहे तसंच राहू द्यावं. हे टिपण पुढे वर्षानुवर्षं एकामागून एक आलेल्या पंतप्रधानांना आणि परराष्ट्रमंत्र्यांना दाखवलं जायचं. त्यांनी वाचायचं, परत द्यायचं, आणि संसदेत उभं राहून तेच जुनं उत्तर द्यायचं की अमेरिकेने आम्हाला आधी विचारलेलं नाही, याचा अर्थ अण्वस्त्रं आलेली नाहीत.

या उत्तराची कारागिरी बघा. अमेरिकेच्या अर्थाने विचारायची गरजच नाही म्हणून ती विचारत नाही, आणि ती विचारत नाही हाच जपानी जनतेला पुरावा! १९६० पासून आजवर हा ‘आधी विचारविनिमय’ एकदाही झालेला नाही.

आणि याच काळात, डिसेंबर १९६७ मध्ये, पंतप्रधान साटो यांनी ती तीन तत्त्वं संसदेत मांडली, १९७१ मध्ये संसदेने त्यावर ठराव केला, १९७४ मध्ये साटोंना शांततेचं नोबेल मिळालं. २००९ मध्ये साटोंच्या घरी एक कागद सापडला, १९६९ मध्ये निक्सनबरोबर सही केलेला, की अमेरिकेच्या ताब्यातलं ओकिनावा बेट जपानला परत दिल्यावरही मोठं संकट आलं तर तिथे पुन्हा अण्वस्त्रं आणायला जपान ना म्हणणार नाही. नोबेलवाल्यांना हे माहीत असतं तर, असा प्रश्न मनात येतोच, मी तो इथेच सोडतो.

पण मित्रदेश आहेत, तर सरळ विचारून टाकायचं ना?

असं विचारून टाकणारा एक देश आहे, न्यूझीलंड. त्यांनीही अमेरिकेशी करार केलेला. पण १९८४ मध्ये डेव्हिड लँग यांचं सरकार आलं आणि १९८५ च्या सुरुवातीला अमेरिकेने बुकॅनन नावाचं जहाज पाठवायची परवानगी मागितली तेव्हा त्यांनी, यावर अण्वस्त्रं नाहीत याची खात्री नाही म्हणून, नाही सांगितलं. अमेरिका आपला ‘हो नाही, नाही नाही’ चा नियम मोडायला तयार नव्हती, कारण एकाला सांगितलं की सगळ्यांना सांगावं लागतं, आणि जपान त्या रांगेत पहिला होता. शेवटी १९८६ मध्ये अमेरिकेने न्यूझीलंडच्या संरक्षणाची हमी स्थगित केली, १९८७ मध्ये न्यूझीलंडने अण्वस्त्रबंदीचा कायदाच केला. न्यूझीलंडला ते परवडलं, शेजारी कोण तर ऑस्ट्रेलिया. जपानचे शेजारी सोव्हिएत रशिया, चीन आणि उत्तर कोरिया.

डेन्मार्कने तिसराच मार्ग काढला आणि तो मला जरा जास्तच हुशार वाटतो. १९५७ मध्ये ग्रीनलंडमधल्या थुले तळावर अण्वस्त्रं ठेवण्याचा विषय अमेरिकेच्या राजदूताने काढला, तर पंतप्रधान हॅन्सन यांनी लेखी उत्तर दिलं की तुमच्या बोलण्यावर मला काही टिप्पणी करावीशी वाटत नाही. बस. अमेरिकेने त्याचा अर्थ हो असा घेतला, आणि डॅनिश जनतेला सांगितलं जात राहिलं की आमच्या भूमीवर अण्वस्त्रं नकोत. २१ जानेवारी १९६८ ला चार हायड्रोजन बॉम्ब घेऊन जाणारं बी-५२ विमान थुलेजवळच्या बर्फावर कोसळलं आणि तरीही ती चिठ्ठी बाहेर यायला १९९५ उजाडलं.

(एंटरप्राइज सासेबोत, विमान थुलेच्या बर्फावर आणि तोगोंचं टिपण, तिन्ही एकाच महिन्यातलं. जानेवारी १९६८.)

मग हे फुटलं कसं?

हळूहळू फुटलं. १९७४ मध्ये जीन लारॉक या निवृत्त अमेरिकन ॲडमिरलने तिकडच्या संसदीय समितीपुढे सांगितलं की अण्वस्त्रं वाहणारी जहाजं परदेशी बंदरात जाताना ती आधी उतरवून ठेवत नाहीत. साधी गोष्ट आहे हो, भर समुद्रात उतरवणार कुठे? जपान सरकारने नाकारलं. १९८१ मध्ये खुद्द राइशाउअरने माइनिची या जपानी पेपरला सांगितलं की अण्वस्त्रं असलेली जहाजं येतात आणि यावर आपसात समजुतही झालेली आहे. जपान सरकारने तेही नाकारलं. आठवा, ज्याने स्वतः ब्रेकफास्टला बसून समजावलं तोच सांगतोय, आणि सरकार म्हणतंय असं काही नाही. २००० मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे नेते फुवा यांनी ती ‘चर्चेची नोंद’ संसदेत मांडली, पुन्हा नकार.

२००९ मध्ये माजी परराष्ट्र सचिव र्योहेई मुराता यांनी अशी समजूत असल्याचं उघडपणे मान्य केलं, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सत्ताबदल झाल्यावर नवे परराष्ट्रमंत्री कात्सुया ओकादा यांनी पहिल्याच दिवसांत चौकशीचा आदेश काढला. शिनिची किताओका यांच्या समितीने ९ मार्च २०१० ला अहवाल दिला. समितीलाही एक शब्द शोधावा लागला! त्यांनी ‘अरुंद अर्थाने गुप्त करार’ आणि ‘व्यापक अर्थाने गुप्त करार’ असे दोन प्रकार केले. पहिल्यात लेखी कागद आणि स्पष्ट कबुली असते, दुसऱ्यात न बोलता झालेली समजूत. जहाजांचं प्रकरण दुसऱ्यात टाकलं. हा भेद काहींना शब्दांचा खेळ वाटला, मला तो प्रामाणिक वाटतो, कारण खरंच तिथे करार असा नव्हता, दोन वेगळे अर्थ होते आणि ते वेगळे आहेत हे दोघांना माहीत असणं, एवढाच काय तो करार.

काही कागद मात्र मिळालेच नाहीत. तोगोंचा मुलगा, तोही परराष्ट्र खात्यात मोठ्या हुद्द्यावर होता, त्याने संसदेत सांगितलं की मी पाच लाल फाइल्समध्ये सगळं नीट लावून पुढच्याच्या हवाली केलं होतं. त्यातले काही कागद कुठे गेले याची मग वेगळी चौकशी.

पण म्हणजे ही सरळ फसवणूकच झाली ना?

जनतेची, हो. मला यात आडवळण घ्यावंसं वाटत नाही. दोन सरकारांनी आपसात एक शब्द संदिग्ध ठेवला आणि त्यामुळे करार टिकला, इथपर्यंत मी समजू शकतो, वाटाघाटी करणारे सगळेच हे करतात. पण १९६३ ला खुलासा झाल्यावर जपान सरकारकडे संदिग्धता उरली नव्हती, फक्त माहिती होती, आणि तरी लोकांना जुनंच उत्तर दिलं गेलं. त्याचवेळी हेही खरं की त्या पन्नास वर्षांत जपानच्या ताब्यातल्या जमिनीवर अण्वस्त्रं प्रत्यक्ष बसवली गेल्याचं दिसत नाही. काकूंच्या फ्रिजमध्ये मटण कधीच गेलं नाही (ओकिनावासारखी अमेरिकेच्या ताब्यातली बेटं सोडून, पण तेव्हा ती घरं काकूंच्या ताब्यात नव्हती, ओकिनावा तर १९७२ पर्यंत).

आता याचं काय?

१९९१ मध्ये शीतयुद्ध संपताना थोरल्या बुशनी घोषणा केली की नेहमीच्या गस्तीच्या युद्धनौकांवरची छोटी अण्वस्त्रं आम्ही काढून घेतोय. म्हणजे पिशव्याच रिकाम्या झाल्या आणि प्रश्न झोपला. म्हणूनच २०१० मध्ये सगळं उघड करणं त्या मानाने सोपं गेलं.

पण आता अमेरिका समुद्रातून डागायचं अण्वस्त्रधारी क्रूझ मिसाइल पुन्हा बनवायला घेतेय. ते पाणबुड्यांवर बसेल, आणि पाणबुड्या योकोसुकाला येतात. त्या आल्या तर ती मोचिकोमी होईल का? ओकादांनी २०१० मध्येच संसदेत सांगून ठेवलंय की खरोखर आणीबाणी आली तर त्या वेळचं सरकार आपलं राजकीय भविष्य पणाला लावून निर्णय घेईल आणि लोकांना सांगेल, आणि नंतरची बरीच सरकारं याच वाक्याचा आधार घेत आलीत. ताकाइचींना जो प्रश्न विचारला गेला तो म्हणजे हाच, तिसरं तत्त्व ठेवायचं, काढायचं, की ‘आणू देणार नाही’ चा अर्थ जाहीरपणे ‘जमिनीवर बसवू देणार नाही’ एवढाच करायचा. यातला शेवटचा पर्याय निवडला तर राइशाउअरने ब्रेकफास्टला जे ओहिरांना सांगितलं तेच साठहून जास्त वर्षांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवलं जाईल, फक्त यावेळी काकू स्वतः वाचतील.